पदर द्यायचा राहिला

खुनाला चार चौकटी लागतात. पहिलीत नुसती सावली, दुसरीत हत्यार, तिसरीत मरणाऱ्याचा चेहरा आणि चौथीत जमिनीवर पडलेला हात. पाचवी दिली तर वाचक कंटाळतो, तीनच दिल्या तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. हे शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. मी मराठीचा एम. ए., आणि आमच्या अभ्यासक्रमात करुण रसापर्यंतच मजल जायची. पुढचं मी एकोणीस वर्षांत स्वतःच शिकलो, एका गुन्हेगारी चित्रकथांच्या मासिकाचा संपादक म्हणून.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. आहेत तेवढ्या लिहितो. एक गोष्ट मात्र अशी आहे की बरीच वर्षं प्रयत्न करूनही मला ती गमतीदार करता आली नाही.

आमचं कार्यालय औरंगपुऱ्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर होतं. मालक अण्णा. त्यांचा मूळ धंदा दहावीच्या गाइडांचा. गाइडं उन्हाळ्यात खपत नाहीत, म्हणून त्यांनी हे मासिक काढलं आणि नंतर त्यावरच घर बांधलं. अण्णा अंक कधीही वाचत नसत. "आपल्याला झोप लागत नाही," असं ते प्रामाणिकपणे सांगायचे. चित्रं रशीदभाई काढायचे. सकाळी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे आणि दुपारनंतर आमच्याकडे येऊन माणसं मारायचे. कथा सगळ्या मी लिहायचो, तीन टोपणनावांनी. त्यातलं एक टोपणनाव निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचं होतं. त्याला सगळ्यात जास्त पत्रं यायची आणि दोनदा व्याख्यानाचं आमंत्रणही आलं. प्रकृतीचं कारण देऊन त्याने नकार कळवला.

अंक कसा तयार व्हायचा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रशीदभाई जाड कागदावर आधी पेन्सिलीने आणि मग काळ्या शाईने पान काढायचे. पात्रांच्या तोंडचे फुगे कोरे सोडायचे. मग ते पान अक्षरं लिहिणाऱ्याकडे जायचं. फुग्यातली अक्षरं निबच्या पेनने हातानेच लिहावी लागत. ती लिहून झाली की पान माझ्याकडे यायचं. मी निळ्या पेन्सिलीने सूचना करायचो. निळीच का, तर फिल्म काढणाऱ्या कॅमेऱ्याला फिका निळा रंग दिसत नाही. संपादकाने पानावर काहीही लिहावं, छापील अंकात त्याचा मागमूस राहत नाही. संपादक या प्राण्यासाठी याहून सोयीचा रंग निसर्गाने केलेला नाही.

आणि शेवटी पदर.

आमच्याकडे हा शब्द एका कामासाठी होता. रशीदभाईंचा हात सिनेमाच्या बोर्डावर घडलेला, त्यामुळे त्यांच्या बायका जरा मोकळ्या असत. गळा खोल, खांदा उघडा, पोटरी दिसते आहे. मग पान छपाईला जाण्याआधी काळ्या शाईचा ब्रश घेऊन त्या जागा झाकायच्या. याला आम्ही 'पदर देणं' म्हणायचो. पंजाबी ड्रेसवालीलाही पदर, नाइटक्लबमधल्या नर्तकीलाही पदर. एकदा अण्णांच्या सांगण्यावरून आम्ही पोहणाऱ्या बाईला पदर दिला होता. ती तलावात बुडून मेली आणि त्या पदराकडे पाहता वाचकांना त्याचं नवल वाटलं नसावं.

रक्ताला काही द्यावं लागत नसे. आमचा अंक आतून काळा-पांढरा. त्यात रक्त काळंच, पदरही काळाच, दोन्ही एकाच बाटलीतले. अण्णांचा नियम सोपा होता. स्त्री-पुरुष एका चौकटीत जवळ आले तर एकाच्या हातात सुरी पाहिजे. ती नसेल तर पान अश्लील.

रशीदभाई यावर म्हणायचे, "मियां, छुरी बनाया तो कोई कुछ नै बोलता. हात में हात दिया तो कयामत."

वाचक तऱ्हेतऱ्हेचे. एका तुरुंगातला कैदी नियमित पत्र लिहायचा. त्यांच्याकडे अंक आधी तपासून, बायकांची पानं फाडून मग आत पाठवत. त्याने लिहिलं होतं, 'आमच्यापर्यंत खून पोचतात, बाई पोचत नाही. त्यामुळे खून कशासाठी झाला ते कळत नाही. कृपया कारण पत्राने कळवावे.' मी कळवत असे. एक नर्सबाई होत्या, कुठल्याशा सरकारी दवाखान्यातल्या. त्या आमचे खून तपासायच्या. बरगडीच्या या बाजूला सुरी लागली तर माणूस इतकं लांबलचक बोलू शकत नाही, अमुक विष दुधात टाकलं तर दूध नासेल, वगैरे. त्यांची पत्रं आम्ही 'वाचकांचा तपास' या सदरात हौसेने छापायचो. एक मात्र छापलं नाही. त्यात त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या मेलेल्या बायकांचा पदर नेहमी जागेवर असतो. मी इतक्या वर्षांत मारहाण झालेल्या, जळालेल्या पुष्कळ बायका आत आणताना पाहिल्या. एकीचाही पदर जागेवर नव्हता. पहिल्यांदा त्यांच्यावर चादर टाकावी लागते, मग डॉक्टरांना बोलवायचं.

हे पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "हे छापलं तर लोक अंक घरात आणणार नाहीत." खरंच होतं ते.

सुमन आमच्याकडे आली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. उस्मानपुऱ्यात राहायची. तिचे वडील बोर्ड आणि बॅनर रंगवायचे. जयंतीच्या बॅनरवरची अक्षरं ती आठवीपासून भरत होती. चित्रकला शिक्षकाची पदविकाही केलेली होती. तिचं अक्षर असं की किंचाळीसुद्धा वाचावीशी वाटे. आधीचा अक्षरवाला सगळ्या पात्रांना एकाच आवाजात बोलायला लावायचा. सुमनच्या हाताखाली म्हातारा कापऱ्या अक्षरात बोलू लागला, फौजदार जाड अक्षरात, आणि कुजबुज इतकी बारीक की वाचक अंक डोळ्यांजवळ नेत.

पदर द्यायचं काम तिच्याकडे आलं, कारण शाईचं पेन शेवटी तिच्याच हातात असे. अण्णांनी त्याला तात्त्विक आधारही दिला. बाईच्या हाताने बाईला पदर दिला तर त्यात वावगं काही नाही.

ती पदर द्यायची, पण नीट द्यायची. काळा ठोकळा नाही, चुणी असलेला, वाऱ्याने जरा हललेला. रशीदभाई म्हणायचे, "ये लडकी ढाकती है तो भी तस्वीर खराब नै होती."

मग पान चौदा आलं. कथा माझीच. एका हवालदाराचा खून होतो आणि बायको खुनी शोधते. खुनाआधीच्या या पानासाठी मी एवढंच लिहिलं होतं की ड्युटीवरून आलेला हवालदार बायकोशी चार शब्द बोलतो. रशीदभाईंनी त्याचं पूर्ण पान केलं. दोघं चटईवर आडवे, तिचं डोकं त्याच्या दंडावर, उकाड्याने पदर बाजूला टाकलेला, खांदा उघडा. चुंबन नाही, काही नाही. तो छताकडे बघत काहीतरी सांगतो आहे आणि ती हसते आहे. एकोणीस वर्षांत आमच्या अंकात दोन माणसं एकमेकांजवळ निवांत पडलेली तेवढीच.

सुमन पान घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "सर, याला पदर नको."

"का?"

"नवरा-बायको आहेत ती. घरात बाई पदर घेऊन झोपती का? आणि पदर दिला तर त्याचा हात झाकला जातोय. मग सोळाव्या पानावर तो मरतो त्याचं कुणाला काय वाटणार?"

मी पान पाहिलं. तिचं बरोबर होतं. मी निळ्या पेन्सिलीने कडेला 'ठीक' लिहून खाली सही केली. ती वळताना म्हणाली, "अण्णा बोलतील."

"मी आहे ना," मी म्हणालो.

अंक बाहेर पडल्यावर आठवडाभराने तिघे जण माडी चढून आले. पुढे एका शिक्षणसंस्थेचे सचिव. मागच्या दोघांचं काम मान हलवण्याचं होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत चोख केलं. सचिवांनी आधी आपलं कार्ड दिलं. त्यावर सात पदं होती. सगळ्यात खाली लासूर स्टेशनच्या शाळेचं नाव होतं. त्याच शाळेत चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी सुमनची मुलाखत झाली होती. यादी लागायची होती. तिच्या अर्जासोबतचं शिफारसपत्र मीच लिहिलं होतं.

"पान चौदा," सचिव म्हणाले.

"काय आहे चौदावर?" अण्णांनी विचारलं.

"आमच्या तोंडून वदवून घेऊ नका. घरात लेकीसुना आहेत."

मी म्हणालो, "पान तीन पाहिलंत का? त्यात बाईवर कुऱ्हाड चालवून तिला विहिरीत टाकतात."

"पाहिलं. ते कथेच्या ओघात आहे." मग आवाज थोडा खाली आणून, "कुऱ्हाड दिराचीच ना?"

"पुढच्या अंकात कळेल."

"वाटलंच मला." त्यांनी पुन्हा आवाज चढवला. "पण चौदा नंबर काय आहे? शाळेतल्या पोरांच्या दप्तरात सापडला हा अंक. पोरं बिघडतात अशानं."

"कुऱ्हाडीनं नाही बिघडत?"

"कुऱ्हाड पाहून कुणी कुऱ्हाड उचलत नाही, साहेब. आणि हे पाहून..." मागच्या दोघांनी मान हलवली.

संस्थेच्या शाळांत अण्णांची गाइडं लागायची. ते माझ्याकडे वळले. "कुलकर्णी, झालं काय हे?"

आणि मी म्हणालो, "पदर द्यायचा राहिला."

मराठीत कर्ता लपवायची फार उत्तम सोय आहे. भांडं फुटतं, पत्र टाकायचं राहतं, चूक होऊन जाते. कुणी काही करत नाही. मी तोवर हजारो वाक्यं लिहिली होती, पण इतकं गुळगुळीत एकही नाही. मी खोटंही बोललो नव्हतो. पदर राहिला होता, हे कुणालाही दिसत होतं.

"पदर कोण देतं?" सचिवांनी विचारलं. धंद्यातला शब्द त्यांना पहिल्या फटक्यात कळला.

अण्णांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे सुमन फुगा भरत बसली होती. शाई टपकू नये म्हणून तिने पेन वर धरलं होतं. तिने त्या तिघांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. पानाची मूळ प्रत माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, कडेला माझी सही असलेली. हात मागे केला असता तर कपाटाची कडी हाताला लागली असती.

मी टेबलावरचे कागद एकसारखे करत होतो. ते आधीच एकसारखे होते.

"पदर मी देते," सुमन म्हणाली.

"विसरलीस का गं?" अण्णांनी रागाने विचारलं. त्यातही तिला वाट काढून द्यायचा त्यांचा हेतू होता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"नाय अण्णा. विसरले नाय." आणि ती थांबली. वाक्य तिथे संपत नव्हतं. पुढचं तिने माझ्यासाठी सोडलं होतं. मी ते भरलं नाही.

सचिवांनी तिला पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी त्यातलं आडनाव एकदा सावकाश म्हणून पाहिलं. "अच्छा. आमच्याकडे मुलाखतीला आल्या होतात तुम्ही." बोलणं अगदी अदबीचं होतं.

पुढच्या अंकात दिलगिरी छापली. 'अंतिम टप्प्यातील दुरुस्ती अनवधानाने राहून गेल्यामुळे' वगैरे. ती मीच लिहिली आणि सुमननेच सुंदर अक्षरात चौकट करून दिली. चौदा नंबरच्या पानासाठी लोक जुना अंक मागायला येऊ लागले. कुऱ्हाडीच्या पानासाठी कुणी आलं नाही, ती आम्ही दर महिन्याला देतच होतो.

हा अंक निघायच्या आधी, ते तिघे येऊन गेल्यावर सहा-सात दिवस मी ते कपाट उघडलं नाही. शेवटी एका सकाळी कपाटातली ती मूळ प्रत वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पॅसेंजरने लासूरला गेलो. यादी अजून लागली नव्हती. सचिव बंगईवर झोके घेत बसले होते. चहा आला. मी पान उलगडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि कडेची सही दाखवली.

"हे अक्षर तुमचं?"

"हो. मुलीची चूक नाही. तिने मला विचारलं होतं, मी मंजूर केलं."

"काय विचारलं होतं?"

मला वाटलं, आता मी तिला प्रशस्तिपत्र देतो आहे. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. नवरा-बायको आहेत, पदर नको, हात झाकला जातो, मग मरणाचं कुणाला काही वाटणार नाही. ते मी जरा रंगवूनही सांगितलं असेल.

सचिवांनी बंगई थांबवली. "कुलकर्णी, आलात ते बरं केलंत. मी सोडूनच देणार होतो. पोरगी हुशार, अक्षर देखणं. तरुण आहे, विसरली असेल म्हटलं. ती 'विसरले नाही' म्हणाली तेव्हाही मला वाटलं, उगाच ताठा दाखवते. पण हे तर विचार करून केलंय. असा विचार करणारी बाई मी नववीच्या पोरांपुढे उभी करू?"

"मंजुरी माझी होती," मी पुन्हा म्हणालो.

"तुम्हाला कुठे मी नोकरी देतोय?"

मी उठलो. दारापर्यंत ते सोडायला आले आणि पायरीवर म्हणाले, "दीरच ना?"

मी सांगून टाकलं. दीर नाही, सासरा. एकोणीस वर्षांत अंक निघण्याआधी खुनी कुणाला सांगितला असेल तर तो एवढाच. त्याने काही उपयोग होईल असं मला त्या क्षणी वाटलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला ज्याची सर्वांत जास्त लाज वाटते ते कधीकधी हेच असतं.

यादीत दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं. लासूरला गेल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. दोन महिन्यांनी सुमनने काम सोडलं. तिच्या जागी आलेला गृहस्थ पदर पट्टी लावून आखायचा. मासिक आणखी काही वर्षं चाललं. मग टीव्हीवर खून फुकट आणि हलते मिळू लागले, आणि अण्णांनी ते गाइडांच्या हंगामात गुपचूप बंद केलं. रशीदभाई मासिकाच्याही आधी गेले. ते बोर्ड रंगवायचे त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

हल्ली नातू घरात फोनवरून टीव्हीवर मालिका लावतो. सुरुवातीला पाटी येते, हिंसा, शिव्या, नग्नता. मग एका माणसाची बोटं एकेक करून तोडतात आणि घरातली सगळी मंडळी जेवत ते पाहतात. पुढे नवरा-बायको जवळ आले की सून पटकन उठून पाणी आणायला जाते आणि मुलगा दृश्य पुढे ढकलतो. या बाबतीत मत द्यायचा माझा अधिकार त्या माडीवर संपला.

यंदा उन्हाळ्यात सोसायटीला पाण्याविषयीचा बोर्ड करून हवा होता. निवृत्त माणूस म्हणून काम माझ्याकडे आलं. उस्मानपुऱ्यात एक फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे गेलो. गल्ल्यामागे पन्नाशी ओलांडलेली बाई संगणकावर अक्षरं सरकवत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"सर?"

मी खुर्चीवर बसलो. तिने पंखा माझ्याकडे वळवला. चौकशा झाल्या. दुकान तिचं, मुलगा पुण्याला, वडील गेले. अण्णा असताना ती त्यांना भेटूनही आली होती. मी मात्र कधी गेलो नव्हतो, हे तिने बोलून दाखवलं नाही.

"सुमन, तेव्हा मी लासूरला गेलो होतो," मी म्हणालो. "तुझ्यासाठी. आणि तिथे मी..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. संस्थेचा शिपाई म्हणजे माझ्या आत्याचा जावई. तुम्हाला चहा त्यानंच आणून दिला. दाराआड हुबा होता. रविवारी येऊन आम्हाला सांगितलं त्यानं."

"मग तू काही बोलली नाहीस."

"मी कशाला बोलू?" तिने माऊस बाजूला ठेवला. "मी दोन महिने थांबले की. पप्पांकडं काम लई होतं, ते रोज म्हणायचे सोड ते. मी म्हणायचे, आठ दिवस थांबा. रोज दहाला येऊन बसायचे. म्हणलं, आज सांगतील सर लासूरचं. तुम्ही पानं तपासून नुसती पुढं सरकवायचात."

दोन महिने ती पगारासाठी थांबली, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. रागावलेली नव्हती. बोर्डाची अक्षरं किती इंची करायची हे जसं ठरवतात तसा विचार केला.

"काय व्हायचं होतं? लासूरची नोकरी तर गेलीच होती. मी तुमच्याकडंच थांबले असते. मला ते काम आवडायचं, सर."